कानाचे सर्जन ग्रेम क्लार्क : औषधाच्या दुकानापासून शंखातल्या तारेपर्यंत

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०:४०

माझ्या मुलाच्या उजव्या कानामागे, कातडीखाली, एक छोटं यंत्र आहे, कॉक्लियर इम्प्लांट. त्यातून निघालेली केसासारखी तार आतल्या कानातल्या शंखासारख्या भागात, कॉक्लियात, गेली आहे. तो जन्मापासून ऐकू शकत नव्हता. आता सातवीत आहे, नाशिकच्या साध्या मराठी शाळेत. परवा झोपताना कॉइल (कानामागे बाहेरून लावायची चकती) काढता काढता त्याने विचारलं, "आई, हे कुणी शोधलं?" मी कंपनीचं नाव सांगितलं. "कंपनी नाही गं. माणूस कोण?" मला उत्तर आलं नाही. दहा वर्षं ज्याच्या जिवावर घर उभं आहे, त्याबद्दल मला काही माहीत नव्हतं. गेले तीन आठवडे रात्री वाचत बसले, ते इथे मांडते.

त्याच्या कानातल्या यंत्राचा मूळपुरुष म्हणजे ग्रेम क्लार्क. जन्म १९३५, ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या कॅम्डेन गावी. वडिलांचं औषधाचं दुकान होतं, आणि वडिलांना ऐकू कमी यायचं. औषधाच्या दुकानात माणूस काय मागायला येतो ते आपल्याला ठाऊक आहे. चारचौघांत बोलायला लाज वाटावी अशी दुखणी, आणि ती गिऱ्हाइकाने ओरडून सांगायची! मुलगा दुकानात हाताखाली असायचा, हे सगळं त्याच्यासमोर घडायचं. मोठेपणी काय करणार असं बाईंनी विचारलं तेव्हा अगदी लहान असताना त्याने सांगितलं होतं, "कान दुरुस्त करणार."

पुढे तो डॉक्टर झाला, इंग्लंड-स्कॉटलंडमधून सर्जरीचं शिक्षण घेऊन आला आणि मेलबर्नमध्ये कान-नाक-घशाचा सर्जन म्हणून स्थिरावला. १९६६ साली जेवणाच्या सुट्टीत त्याने स्टॅनफर्डच्या ब्लेअर सिमन्स यांचा एक लेख वाचला. पूर्ण बहिऱ्या माणसाच्या श्रवणाच्या नसेला विजेचा सौम्य झटका दिला तर त्याला आवाजासारखं काहीतरी जाणवतं, पण बोलणं समजत नाही, असं त्यात होतं.

मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती पुढच्या वर्षापाशी. १९६७ मध्ये या माणसाने चालती प्रॅक्टिस सोडली आणि सिडनी विद्यापीठात पीएच.डी.चा विद्यार्थी म्हणून नाव घातलं. वय ३१-३२, घरी बायको आणि लहान मुलं. आपल्याकडे एखाद्या सर्जनने असं केलं तर सासर-माहेर दोन्हीकडून लोक समजवायला येतील. पण त्याला कळून चुकलं होतं की हातात कितीही कसब असलं तरी हे सुरीने सुटणारं कोडं नाही. विजेचा आवाज मेंदूला कसा कळतो हे आधी शोधावं लागेल. मग तो मांजरांच्या मेंदूच्या देठातल्या पेशींचे संदेश मोजत बसला.

उत्तर निराशेचं निघालं. नसेला सेकंदाला दोनशे, फार तर पाचशे ठोके दिले तोवर पेशी त्या वेगाबरोबर चालतात, पुढे त्यांना वेग पकडता येत नाही. बोलण्यातल्या कितीतरी गोष्टी याच्या कितीतरी वर असतात. म्हणजे एकाच तारेतून, फक्त ठोक्यांचा वेग बदलून, बोलणं पोहोचवता येणार नाही. कॉक्लियात उंच स्वर तोंडापाशी आणि खालचे स्वर टोकाकडे अशी जागांची वाटणी असते, तर त्या त्या जागी वेगळी वीज द्यायला हवी. अनेक तारा हव्यात. पुढची सगळी कारकीर्द या एका निष्कर्षावर उभी आहे, आणि तो प्रॅक्टिस सोडून घालवलेल्या वर्षांत हाती आला.

१९७० मध्ये तो मेलबर्न विद्यापीठात कान-नाक-घसा विषयाचा पहिला प्राध्यापक झाला. प्रयोगशाळा मिळाली ती डोळे-कानाच्या हॉस्पिटलातल्या जुन्या शवागारात. पैसा नव्हता. श्रवणाच्या नसेत सुमारे ३०,००० तंतू असतात, दहा-वीस तारांनी काय होणार, असं मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणत होते. सेवाभावी क्लबांनी वर्गणी काढली, एका टीव्ही वाहिनीने टेलिथॉन केला, आणि प्राध्यापक स्वतः रस्त्यावर डबा खुळखुळवत उभा राहिला. मला ते चित्र डोळ्यांसमोरून हलत नाही. आपल्या मुलांसाठी पैसे उभे करताना आम्ही पालकही हेच केलं आहे.

तार शंखाच्या वळणांतून आत घालायची कशी, हे कोडं १९७७ मध्ये सुटीवर असताना मिनामुरा नावाच्या किनाऱ्यावर सुटलं. तिथे सापडलेल्या एका शंखात तो गवताची पाती सरकवून पाहत बसला. टोकाला लवचीक आणि मागे हळूहळू ताठ होत जाणारं पातं वळणावर अडत नाही, आत आत जातं. तारही तशीच करायची.

१ ऑगस्ट १९७८. रॉड सॉन्डर्स, वयाच्या ४६ व्या वर्षी मोटार अपघातात डोक्याला मार लागून बहिरा झालेला. क्लार्क आणि त्याचे सहकारी ब्रायन पायमन यांनी शस्त्रक्रिया केली. काही आठवड्यांनी यंत्र चालू केलं, तर काहीच ऐकू आलं नाही. पुन्हा बोलावलं, पुन्हा काही नाही. शेवटी दोष सापडला तो तपासणीच्या उपकरणात. तो काढल्यावर रॉडला सूर ऐकवले. त्यात त्या वेळचं राष्ट्रगीत लागलं, तसा तो ताडकन उठून सावधान उभा राहिला, तारा तुटतील की काय असं सगळ्यांना झालं. त्या वर्षअखेरीस, ओठ न बघता, नुसतं ऐकून त्याने काही सुटे शब्द ओळखले. क्लार्क शेजारच्या खोलीत गेला आणि रडला.

आमच्या स्विच-ऑनच्या, म्हणजे यंत्र पहिल्यांदा चालू केलं त्या, दिवशी मीही रडले होते. माझा मुलगा मात्र आवाजाने घाबरून भोकाड पसरून रडत होता.

---

पोस्टमास्तर_निवृत्त | मंगळवार, रात्री ११:२५

ताई, औषधाच्या दुकानाचा परिच्छेद दोनदा वाचला. मी ३४ वर्षं काउंटरवर बसलो. शेवटची सहा वर्षं लोक माझ्याशी ओरडून बोलायचे. एका बाईंना मुलाच्या मनीऑर्डरचे पैसे किती आले ते सगळ्या रांगेसमोर मोठ्याने विचारावं लागलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. लाज त्यांना वाटली आणि अपराधी मी. बहिरेपणाचं हे अंग डॉक्टर लोक कधी विचारत नाहीत. हा माणूस त्यातूनच निघाला हे वाचून बरं वाटलं.

---

कानसेन | बुधवार, सकाळी ७:१०

मी ईएनटी सर्जन आहे, इम्प्लांट करतो. धागा उत्तम आहे, थोडी भर घालतो.

कॉक्लिया म्हणजे वाटाण्याएवढी जागा. अडीच-पावणेतीन वेढे, उलगडलं तर साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास लांबी. कानामागचं हाड कोरत तिथे पोहोचायचं, आणि वाटेत चेहऱ्याची नस जाते. तिला धक्का लागला तर अर्धा चेहरा लुळा पडतो. म्हणून हे काम इंजिनिअर आणि शरीरशास्त्रज्ञ यांच्यावर सोडून भागत नाही, सर्जन लागतोच. पण नुसता सर्जनही पुरत नाही, हे गोदाकाठ यांनी नेमकं पकडलं आहे.

क्लार्क यांच्या कामातला माझ्या मते सर्वांत कमी बोलला जाणारा भाग सुरक्षिततेचा आहे. लहान मुलांना वारंवार कान फुटण्याचा त्रास होतो. तो जंतुसंसर्ग तारेच्या कडेने कॉक्लियात आणि तिथून मेंदूच्या आवरणापर्यंत गेला तर मेनिंजायटिस. मुलांना यंत्र बसवण्याआधी त्यांच्या चमूने प्राण्यांवर हाच प्रश्न तपासला: तार शिरते त्या भोकाभोवती ऊतक कसं भरून येतं, ते जंतूंना अडवतं का, कवटी वाढताना तारेला ताण बसतो का. बातमी व्हावी असं यात काही नाही. पण मुलांचं इम्प्लांट या कामावर उभं आहे. त्यांच्या संशोधनातून आलेल्या २२ इलेक्ट्रोडच्या (कॉक्लियात वीज देणाऱ्या टोकांच्या) यंत्राला अमेरिकेत १९८५ मध्ये मोठ्यांसाठी आणि १९९० मध्ये दोन वर्षांवरच्या मुलांसाठी मान्यता मिळाली. मधली पाच वर्षं या प्रश्नांत गेली आहेत.

दुसरं म्हणजे, पहिल्याच यंत्रात त्यांनी कातडीतून बाहेर येणारी खुंटी ठेवली नाही. आतला भाग पूर्ण बंद, संदेश आणि वीज कातडीपलीकडून कॉइलने द्यायची. सोपी वाट खुंटीची होती, पण तिथून जंतू आत जाण्याचा धोका कायम राहिला असता.

आपल्याकडे मुंबईत डॉ. सँड्रा डेसा सूझा यांनी १९८७ मध्ये इम्प्लांटची सुरुवात केली. डॉ. मिलिंद कीर्तने यांचं नाव तर महाराष्ट्रातल्या इम्प्लांट झालेल्या मुलांच्या पालकांना सांगायला नको. दोघांनाही पद्मश्री आहे.

---

तर्कट | बुधवार, सकाळी ९:३२

लेख आवडला, पण एक गोष्ट नमूद करतो. मुलाला "हे क्लार्कने शोधलं" असं सांगू नका, ते पुरतं खरं नाही.

१९५७ मध्ये पॅरिसला जूर्नो आणि एरियेस यांनी एका पूर्ण बहिऱ्या माणसाच्या नसेवर पहिल्यांदा तार बसवली. त्या पेशंटला लय कळायची, थोडे शब्दही. त्यानंतर लॉस एंजलिसचे विल्यम हाउस. दंतवैद्यकाचं शिक्षण घेतलेला कानाचा सर्जन. १९६१ मध्ये त्यांनी पहिली इम्प्लांट केली, ती शरीराने स्वीकारली नाहीत म्हणून काढावी लागली. तरी मागे हटले नाहीत. १९७० च्या दशकात एकाच तारेचं यंत्र माणसं घरी घेऊन जाऊ लागली. १९७७ मध्ये पिट्सबर्गच्या बिल्गर यांनी अशा १३ जणांची स्वतंत्र तपासणी केली. नुसतं ऐकून बोलणं कळत नव्हतं, पण ओठ वाचायला मदत होत होती, स्वतःच्या आवाजावर ताबा येत होता, आणि अपाय दिसला नाही. तोवर हाउस यांना सगळे वेड्यात काढत होते. अमेरिकेत पहिली मान्यता त्यांच्याच यंत्राला, १९८४ मध्ये.

अनेक तारांचं म्हणाल तर डिसेंबर १९७७ मध्ये व्हिएन्नात इंगेबोर्ग आणि एर्विन होखमायर या इंजिनिअर दांपत्याने बनवलेलं यंत्र सर्जन कुर्ट बुरियान यांनी बसवलं होतं. म्हणजे रॉड सॉन्डर्सच्या सात-आठ महिने आधी. २०१३ चं वैद्यकीय संशोधनाचं लास्कर पारितोषिक क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर आणि ब्लेक विल्सन अशा तिघांना मिळालं. हाउस त्याच्या आदल्या डिसेंबरात वारले होते.

---

गोदाकाठ | बुधवार, दुपारी २:०५

तर्कट, मनापासून आभार. व्हिएन्नाचं मला ठाऊकच नव्हतं. मूळ लेखात "मूळपुरुष" म्हटलंय ते माझ्या मुलाच्या कानात जे यंत्र आहे त्यापुरतं खरं आहे, पण त्याला मी आता तिन्ही गावांची नावं सांगेन. पॅरिस, लॉस एंजलिस आणि व्हिएन्ना नकाशावर दाखवून.

हाउस यांच्याबद्दल वाचून जीव हळहळला. त्यांनी आपल्या शोधांचं पेटंट घेतलं नाही असं वाचलं. एका तारेने बोलणं समजणार नाही हे क्लार्क यांचं म्हणणं बरोबर ठरलं, पण पूर्ण शांततेत जगणाऱ्या माणसाला दाराची कडी वाजलेली कळणं ही काय चीज आहे, ते हाउस यांना कळलं होतं.

---

यारातीर | बुधवार, संध्याकाळी ६:४८

मी मेलबर्नला असतो, सिग्नल प्रोसेसिंगमध्ये काम करतो. ते हॉस्पिटल शहराच्या पूर्वेला आहे, तिथून मी रोज ट्रॅमने जातो. शवागाराची गोष्ट ठाऊक नव्हती.

गोदाकाठ, तुम्ही रॉडच्या शब्द ओळखण्यावरून पटकन पुढे गेलात. खरी गंमत तिथेच आहे. त्यांच्याकडे इलेक्ट्रोड दहा, त्यातून बोलण्यातलं सगळं पाठवणं शक्य नव्हतं. काय पाठवायचं आणि काय गाळायचं? क्लार्क आणि त्यांचे सहकारी जो टाँग यांनी रॉडच्या एकेका इलेक्ट्रोडला वीज देऊन विचारलं, काय ऐकू येतं? तो नुसतं उंच-खाली असं सांगत नव्हता, वेगवेगळ्या स्वरांसारखं वाटतं असं म्हणायचा. कुठे 'ऊ'च्या जवळचं, कुठे 'ई'च्या. त्यांनी जुळवून पाहिलं तर इलेक्ट्रोडची जागा आणि त्या स्वराचा दुसरा फॉर्मंट यांचा मेळ बसत होता.

आपण 'ऊ' आणि 'ई' म्हणतो तेव्हा तोंडाच्या पोकळीत काही ठरावीक कंपनं घुमतात, ते फॉर्मंट. 'ऊ' आणि 'ई' यांचा पहिला फॉर्मंट जवळजवळ सारखाच, ३०० हर्ट्झच्या आसपास. फरक दुसऱ्यात आहे. 'ऊ'चा ९०० च्या खाली, 'ई'चा २००० च्या वर. म्हणजे दुसरा फॉर्मंट कळला नाही तर ऊस आणि ईस सारखेच. म्हणून त्यांनी ठरवलं की दुसऱ्या फॉर्मंटवरून कुठला इलेक्ट्रोड ते निवडायचं आणि आवाजाच्या मूळ सुरावरून ठोक्यांचा वेग. बाकी सगळं सोडून द्यायचं. पीएच.डी.त मिळालेली दोन उत्तरं, जागा आणि वेग, इथे एकत्र आली. पुढे ब्लेक विल्सन यांच्या पद्धतीने, १९९१ च्या आसपास, सगळे इलेक्ट्रोड आळीपाळीने भराभर चालवायला सुरुवात झाली आणि परिणाम खूपच सुधारले. पण मशीनमधून बोलणं कळवता येतं हा भरवसा त्या खोलीत आला.

---

गोदाकाठ | बुधवार, रात्री ९:५०

यारातीर, तुमचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. कारण सांगते. रोज सकाळी प्रोसेसर (कानावरचं बाहेरचं यंत्र) लावला की मी तोंडापुढे वही धरते, ओठ दिसू नयेत म्हणून, आणि सहा आवाज काढते: आ, ऊ, ई, म, श, स. मुलाने ते परत म्हणायचे. आमच्या थेरपिस्ट ताईंनी पहिल्या आठवड्यात शिकवलं. ऊ आणि ई मध्ये गोंधळ झाला तर मॅपिंग (यंत्राची जुळणी) बघायला चला, एवढं मला सांगितलं होतं. का, ते कुणी सांगितलं नव्हतं. 'स' गेला की बॅटरी नाहीतर माइकचं कव्हर, हे मी अनुभवाने शिकले. दहा वर्षं रोज मी रॉड सॉन्डर्सचीच परीक्षा घेते आहे, हे आज समजलं.

---

खुणांची_शाळा | गुरुवार, सकाळी ८:१५

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत २२ वर्षं शिकवते. सगळं वाचलं. क्लार्क यांच्या चिकाटीबद्दल मला आदरच आहे. तरी एक बाजू राहून जातेय ती मांडते.

ऑस्ट्रेलिया, अमेरिका, युरोप, सगळीकडे बधिर समाजातल्या अनेकांनी मुलांच्या इम्प्लांटला विरोध केला. त्यांचं म्हणणं, आम्ही आजारी नाही, आमची भाषा आहे, आणि निर्णय घेण्याचं वय नसलेल्या मुलावर शस्त्रक्रिया करून त्याला त्या भाषेपासून तोडू नका. पालक याला आडमुठेपणा म्हणतात. मी म्हणत नाही. माझ्याकडे अशी मुलं येतात ज्यांना उशिरा इम्प्लांट झालं, थेरपी सुटली, बाहेरचा प्रोसेसर बिघडला आणि दुरुस्तीचे पैसे नाहीत. आठ-नऊ वर्षांची मुलं, ना बोली ना खूण. मनात आलेलं सांगायला काहीच साधन नाही. "खुणा शिकवू नका, मग बोलायचा आळस करेल" असं कुणीतरी आईबापांना सांगितलेलं असतं. या एका वाक्याने किती मुलांचं बालपण मुकं गेलंय, ते मी रोज पाहते.

यंत्र बसवा. सोबत खुणाही शिकवा. रात्री प्रोसेसर काढल्यावर, आंघोळीला, पोहताना तुमचं मूल पुन्हा बहिरंच असतं, तेव्हा त्याच्याशी बोलणार कसं?

---

कानसेन | गुरुवार, दुपारी १:४०

खुणांची_शाळा, मुद्दा मान्य. आम्ही सर्जन ऑपरेशनचा फोटो काढतो आणि आमच्यापुरतं काम संपतं. ऑपरेशन दोन-तीन तासांचं, त्यानंतरची थेरपी काही वर्षांची. सरकारी योजनेतून यंत्राचे पैसे मिळतात, वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवणाच्या राष्ट्रीय संस्थेमार्फत कितीतरी मुलांना मिळालेत. पण पुढच्या सुट्या भागांचा, बॅटरींचा आणि गावापासून थेरपी सेंटरपर्यंतच्या एसटीच्या तिकिटाचा खर्च घरच्यांवर येतो. पेशंटची निवड करताना आता मी सगळ्यात आधी हेच विचारतो की आठवड्यातून दोनदा येणं जमेल का.

---

गोदाकाठ | गुरुवार, रात्री १०:२०

खुणांची_शाळा, तुमचं शेवटचं वाक्य माझ्या घरातलं आहे. कॉइल काढली की आमचं बोलणं आजवर टॉर्चच्या उजेडात ओठ बघून चालायचं. आम्हालाही खुणा नको म्हणून सांगितलं होतं. कालपासून मुलाने स्वतःच व्हिडिओ बघून दहा खुणा पाठ केल्यात आणि मला शिकवतोय.

आमचेही सुरुवातीचे चौदा महिने वाया गेले. एका ठिकाणी दाखवलं तर "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून परत पाठवलं. तपासणीच झाली नाही. आपल्याकडे जन्मल्याबरोबर प्रत्येक बाळाचा कान तपासला असता तर ते महिने मिळाले असते. या गोष्टीचा राग माझा अजून गेलेला नाही.

---

नवी_आई_२३ | शुक्रवार, पहाटे ४:०५

धागा सापडला म्हणून आजच सदस्य झाले. माझी मुलगी चौदा महिन्यांची आहे. काल बेरा टेस्ट (आवाज मेंदूपर्यंत पोहोचतो का ते बघायची) झाली, ९० डेसिबलला पण दोन्ही कानांत काही आलं नाही. सासूबाई म्हणतात, नातेवाइकांत कुणी तरी उशिरा बोललं होतं, थांबू. डॉक्टर इम्प्लांटचं बोलले. मला काही सुचत नाही. काय विचारू तेही कळत नाही.

---

कानसेन | शुक्रवार, सकाळी ६:५०

थांबू नका. मेंदूचा आवाज ओळखायला शिकण्याचा काळ आत्ताचा आहे. आधी दोन्ही कानांना श्रवणयंत्रं लावून काही आठवडे बघतात, ते लगेच सुरू करा. दरम्यान सीटी आणि एमआरआय होईल, त्यात कॉक्लिया आणि नस आहे ना, हे कळेल. न्युमोकॉकसची लस झाली आहे का ते बाळाच्या कार्डावर बघा. नसेल तर ऑपरेशनच्या आधी घ्यावी लागते. मी वर मेनिंजायटिसचं लिहिलं ते याच कारणाने.

---

खुणांची_शाळा | शुक्रवार, सकाळी ७:३०

आणि आजपासून तिच्याशी हातांनी बोला. दूध, ये, बाबा, झोप. कुणाची परवानगी लागत नाही.

---

गोदाकाठ | शुक्रवार, सकाळी ७:५५

तुम्ही पहाटे चारला जाग्या होतात, मीही तशीच असायचे. काय विचारायचं त्याची यादी मी तेव्हा वहीत केली होती, ती अजून आहे. फोटो काढून व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) पाठवते. नाशिकच्या आसपास असाल तर थेरपीच्या पहिल्या दिवशी मी सोबत येईन. मुलालाही आणते, त्याच्या कानामागचं यंत्र तुमच्या सासूबाईंना बघू दे आणि त्याच्याशी बोलू दे.